अकरावा शॉट

बेचाळीस शॉट. फिल्मच्या वर्गातल्या सरांनी माझी यादी एकदाच वरून खाली वाचली आणि विचारलं, कॅमेरा किती दिवस मिळालाय? मी म्हटलं, एक. ते हसले आणि माझं डोकंच फिरलं. अठराच्या वर एक जरी शॉट दिसला तर कॅमेरा दुसऱ्या गटाला देईन, असं बजावून त्यांनी कागद परत केला.

शॉर्टफिल्म माझ्या वडिलांवर होती. पप्पा वाळूजला एका छोट्या कंपनीत पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस मशीन चालवतात, आम्ही बजाजनगरला राहतो. पहिल्या पाळीला निघायची त्यांची तयारी, एवढीच गोष्ट. ती सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडून करून घ्यायची होती. मी शाळेत होते तेव्हा मशीनखाली त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून तो हात खिशात. लग्नाकार्यात खिशात, माझ्या गॅदरिंगला खिशात. घरात त्यावर कुणी बोलत नाही. पण उरलेल्या तीन बोटांनी ते बुटाची नाडी अशी झटक्यात बांधतात की बघत राहावं. मला त्यांची कीव दाखवायची नव्हती, तो झटका दाखवायचा होता.

शूटिंगच्या आदल्या दुपारी लाल पेन घेऊन बसले. गच्चीवरचा सूर्योदय उडवला. पाण्याच्या टाकीवरून घ्यायचा शॉट उडवला. ड्रोन कुणाकडेच नव्हता, तरी दोन शॉट लिहून ठेवले होते, काय ती माझी अक्कल! अठरा उरले, त्यात नाडीचा अकरावा. कॅमेरा धरणारी मैत्रीण फोनवर म्हणाली, काकांना विचार, नाहीतर तो काढून टाक. मी दोन्हीला नाही म्हटलं. विचारलं आणि ते नको म्हणाले तर संपलंच की सगळं. कॅमेरा दाराशी खाली ठेवायचा आणि गुपचूप घ्यायचा, असं ठरवून टाकलं. तिच्या लक्षात राहावं म्हणून शॉटपुढं लिहिलं: पप्पांना कळू द्यायचं नाही. आणि कागद पलंगावर तसाच टाकून दूध आणायला गेले.

आले तर पप्पा पाळीवरून येऊन, चष्मा लावून यादी वाचत बसलेले, हातात पेन्सिल. मला म्हणाले, यादीत तू दारातून स्वयंपाकघरात, परत दारात, परत स्वयंपाकघरात नाचतीयेस. आमच्याकडं प्रेसला एकदा डाय, म्हणजे साचा गं, चढवली की तिच्यावरचे सगळे नग काढून घेतो, मगच ती उतरवतो. डाय बदलण्यात लई वेळ जातो. हेच सरांनी वर्गात शिकवलं होतं आणि मी गोष्टीच्या क्रमानं लिहीत सुटले होते. रागही आला आणि पटलंही. ते स्वयंपाकघराचे शॉट एकत्र करत खाली आले आणि अकराव्यावर पेन्सिल थांबली.

त्यांनी ती ओळ वाचली. पुढं लिहिलेलंही वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातून निघून गेलं, काढते मी तो. म्हटलं आणि स्वतःचाच संताप आला.

"नाही काढणार," मी म्हटलं. "तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, चुकलं माझं. पण पप्पा, हा शॉट मला पाहिजे."

मग त्यांनी अकरावर काट मारून तिथं एक लिहिला.

"हा सगळ्यात आधी घ्या," ते म्हणाले. "एकदा झाला की मग दिवसभर हात सांभाळत बसायचं काम नाय."

कागद पंख्यानं उडत होता. पुढची माझी ओळ खोडायला त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला.