गळ्यात पडलेला उस्ताद

भिवंडीच्या यंत्रमागाच्या कारखान्यात तोंडाने बोलून काही उपयोग नसायचा. लूम सुरू झाले की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू यायची नाही, म्हणून आमचा सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालायचा. मूठ तोंडाशी नेली की चहा, मिशीला पीळ दिला की शेठ येतोय. एवढ्यावर आम्ही भांडायचोसुद्धा. याच भाषेत मी आयुष्यातला एक मोठा निर्णय जाहीर करायला गेलो आणि पुढचं सगळं रामायण घडलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जवळच्या कोन गावाहून सायकलने येऊन लूम चालवायचो. कारखान्यातल्या तीन जॉबरांपैकी, म्हणजे बिघडलेले लूम ठीक करणाऱ्यांपैकी, सर्वांत म्हातारा कायमचा आपल्या मुलखात निघाला होता. शेठ शेजारच्या टेमघर गावचा, आमच्यातलाच. तो म्हणाला, "जॉबर व्हाचं हाय ना तुला? मंग एक उस्ताद धर नि दिवाळीपर्यंत शीक. न्हाय जमला तर मी भायरून मानूस आनीन." मला जॉबर व्हायचंच होतं. नाहीतर घरची भातशेती होती, आणि लावणीत वाकून वाकून माझ्या कमरेचा तेव्हाच निकाल लागला होता.

उस्ताद धरायचा तर उरलेल्या दोघांतला एक. पहिला कधी हसायचा नाही, बोलायचा त्याहून कमी, पण त्याचे लूम कधी बंद पडायचे नाहीत. दुसऱ्याच्या तोंडात कायम पान आणि गप्पा, आणि त्याचे लूम त्याच्यासारखेच वाटेत थांबत थांबत चालायचे. दोघे एकमेकांशी बोलत नसत. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्या दोघांनाही आठवत नसावं.

मी बापाला विचारलं. तो म्हणाला, "बोलनाऱ्याच्या नादी लागू नको. बैल घेताना आपन दात बगतो, त्याचा गाना ऐकतो काय?"

मुद्दा बिनतोड होता. मी जिलेबी घेतली. आमच्याकडची रीत अशी, की ज्याला उस्ताद करायचं त्याच्याकडे बघून कानाची पाळी धरायची आणि सगळ्यांदेखत त्याचं तोंड गोड करायचं. एकदा केलं की जन्माचं. बायको माहेरी निघून जाऊ शकते, उस्ताद जात नाही.

रांगेच्या टोकाला उभं राहून मी त्या अबोल जॉबरची नजर पकडली आणि कान धरला. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि 'जा, माफ केलं' असा हात हलवून पुन्हा लूममध्ये डोकं घातलं. कान धरला म्हणजे चूक कबूल, हा जगभरचा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्याने मला कशाबद्दल माफ केलं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तेवढ्यात त्याच्यामागच्या बोळातून दुसरा बाहेर आला. त्याने पाहिलं ते असं, की एक पोरगा आपल्याकडे तोंड करून, हातात जिलेबी घेऊन, कान धरून उभा आहे. त्याचा चेहरा असा उजळला की पान सदऱ्यावर सांडलं. त्याने मला मिठी मारली, पुडा काढून घेतला आणि सगळ्या कारखान्याला जिलेबी वाटली. मी "नाही, नाही" म्हणून बोंबलत होतो. नुसतं तोंड हललेलं दिसल्यावर लोकांना वाटलं, मी आभार मानतोय.

झालं. उस्ताद गळ्यात पडला. त्याचा पहिला धडा होता, "पहले आदमी का नट ढीला कर, लूम बाद में." लूम बंद पडला की तो आधी चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा, घरच्यांची चौकशी करायचा, चहा मागवायचा. कोण कुणावर रुसलाय, कुणाला चारचौघांत बोललेलं खपत नाही, हे सगळं मला पाठ झालं. फक्त लूम दुरुस्त करायला काही येईना.

दिवाळी तोंडावर आली तशी शेठ परीक्षा घ्यायला आला. एका लूमचा धोटा, म्हणजे ताण्याच्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणारं लाकूड, सारखा उडी मारत होता. मी उस्तादाकडे पाहिलं. त्याने मोठ्या ऐटीत 'नट कस' अशी खूण केली. मी नट कसला आणि लूम सुरू केला. धोटा सुटला तो थेट शेठची टोपी उडवून भिंतीवर आदळला.

लूम थांबवले गेले. ऐकू येण्याजोगी शांतता झाली, आणि शेठने तिचा पुरेपूर उपयोग केला. तेव्हा उस्ताद माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "इसकी गलती नहीं, सेठ. मैंने गलत सिखाया."

"दिवाळीपर्यंत बगीन," शेठ टोपी झटकत म्हणाला, "मंग भायरचा मानूस."

मला उस्तादाचा इतका राग आला होता की त्याचं तोंड बघवेना. पण त्याने माझं मनगट धरलं आणि मला ओढत समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिथे तो अबोल जॉबर बशीत चहा ओतत होता.

"इसको तू सिखा," उस्ताद म्हणाला. "मेरे से नहीं होगा."

कितीतरी वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही असं. अबोल जॉबरने बशी खाली ठेवली. "अपना शागिर्द मुझे दे रहा है?"

"दे नहीं रहा. उस्ताद मैं ही रहूँगा. तू बस काम सिखा."

असला निर्लज्जपणा मी जन्मात पाहिला नव्हता. पण मग ध्यानात आलं. ज्या माणसापुढे मान खाली घालायला तो मेला असता तरी तयार झाला नसता, त्याच्यापुढे तो 'मला येत नाही' असं सांगत होता, आणि ते माझ्यासाठी.

अबोल जॉबर माझ्याकडे वळला. "तू बोल. उस्ताद कौन?"

इथे लूमचा खडखडाट नव्हता. एका शब्दात मी सुटलो असतो. "हेच," मी उस्तादाकडे बोट दाखवून म्हणालो.

मला वाटलं, गेली आपली जॉबरकी. पण अबोल जॉबरने बशी उचलली. "कल सुबह आ जा. और इसको साथ मत लाना."

त्या दिवाळीला शेठला बाहेरून माणूस आणावा लागला नाही. पण मला आठवते ती टपरीवरच्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी पोचलो तेव्हा उस्ताद माझ्याआधी येऊन, हातात पाना घेऊन, गप्प शिकायला उभा होता.