टीसी सासरे आणि फुकट्यांचं म्युझियम

२००४ च्या उन्हाळ्यात माझे सासरे नागपूरहून अमेरिकेत आमच्याकडे आले. रेल्वेत टीसी म्हणून उभी हयात घालवून नुकतेच रिटायर झालेले. नेमकं तेव्हाच नवऱ्याचं प्रोजेक्ट आयोवात निघालं, म्हणून नेपरव्हिलचं घर बंद करून आम्ही तिघं डेमॉइनच्या, खोलीतच स्वयंपाकाची सोय असलेल्या एका हॉटेलात राहायला गेलो. नवरा सकाळी ऑफिसला गेला की खोलीत मी, बाबा आणि टीव्हीवरचं हवामान. मी डिपेन्डंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायला बंदी. बाबांचं मन रमवणं एवढीच काय ती जबाबदारी माझ्यावर होती, आणि तीही मला पेलत नव्हती.

एक दिवस हॉटेलच्या लॉबीत मला एक माहितीपत्रक दिसलं. वर मालगाडीच्या डब्याचा फोटो. आत काय लिहिलंय ते वाचायची मला गरज वाटली नाही. इंग्रजीत एम.ए. झालेल्या माणसाला चित्रावरून सगळं कळतं.

"बाबा, उद्या तुम्हाला रेल्वेचं म्युझियम दाखवते," मी जाहीर करून टाकलं.

लायसन्स नवं होतं आणि हायवेची धास्ती जुनी, म्हणून मी आतल्या रस्त्यांनी गेले. दोन्ही बाजूंना मका, मध्ये मी, आणि माझ्यामागे निमूटपणे सरकणारी गाड्यांची रांग. एका ट्रॅक्टरनं आम्हाला ओव्हरटेक केलं तेव्हा बाबा म्हणाले, "बेटा, आमची पॅसेंजरसुद्धा याहून जोरात जाते."

म्युझियम गावातल्या एका जुन्या थिएटरात होतं. दारात पांढऱ्या दाढीचा, गळ्यात लाल रुमाल बांधलेला एक म्हातारा बसला होता. आम्हाला बघून तो खूश होऊन उठला.

"या, या! हे होबोंचं म्युझियम. मीही त्यांतलाच. मालगाड्यांवर चढून अख्खा देश फिरलो, मिळेल तिथे काम केलं. तिकीट मात्र आयुष्यात एकदाही काढलं नाही."

बाबांना अमेरिकन उच्चार कळत नाहीत असा माझा पक्का समज होता. त्यांनी विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, रेल्वेशी त्यांचे फार जुने संबंध आहेत."

बाबांनी हात पाठीमागे बांधले आणि अचानक तपासणीला निघाल्यासारखे ते आत शिरले. सिगारच्या खोक्यांच्या फळ्यांना बारीक खाचा पाडून केलेली पेटी होती. एकाच लाकडातून कोरून काढलेली साखळी होती. पाच सेंटच्या नाण्यावरच्या चेहऱ्याला कुणी कोरून कोरून दाढी आणि टोपी दिली होती. भिंतीवर होबोंच्या खुणांचा तक्ता होता. कुंपणावर खडूनं मांजर काढलं असेल, तर त्या घरातली बाई दयाळू, खायला देईल. एका काचेमागे जाडजूड दंडुका ठेवला होता. होबोंना गाडीतून हाकलणाऱ्या रेल्वे पोलिसांचा. बाबा तिथेच जास्त वेळ थांबले.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "आम्ही काठी कधी वापरली नाही. पण यांची पावती मी नक्की फाडली असती."

मी म्हाताऱ्याकडे वळून हसले. "माझे सासरे म्हणतात, तुमचा संग्रह फारच सुंदर आहे."

बाबा गर्रकन वळले. मग एकेक शब्द सुटा करत, स्वच्छ इंग्रजीत म्हाताऱ्याला म्हणाले, "सर, मॅडम बरोबर ट्रान्स्लेशन करत नाहीत. मी तिकीट तपासनीस होतो. तुमच्यासारख्यांना पकडणं, हेच माझं काम."

मी दरवाजा किती लांब आहे ते पाहिलं. म्हातारा असा खो खो हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "मग आपली गाठ पडायला इतका उशीर का झाला?" म्हणत त्यानं खुर्च्या ओढल्या. दोनच.

मी पोस्टकार्डांच्या स्टँडपाशी उभी राहून ऐकत होते. तुमच्याकडचे लोक कुठे लपतात, म्हाताऱ्यानं विचारलं. संडासात, बर्थखाली, बाबा सांगू लागले. एक जण तर मुंडावळ्या बांधून नवरदेव होऊन बसायचा, कारण लग्नाला निघालेल्याला टीसी उठवणार नाही! म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. मला अपमान याचा वाटला की बाबांचं इंग्रजी त्याला अख्खं कळत होतं, आणि मी मध्ये काही बोलले की तो कानामागे हात धरून "काय म्हणालात?" विचारायचा.

मग त्यानं आम्हाला फरक समजावला. जो भटकतो आणि काम करतो तो होबो. जो भटकतो पण काम करत नाही तो ट्रॅम्प. आणि जो भटकतही नाही, कामही करत नाही, तो बम. "आणि तुम्ही काय करता?" त्यानं प्रेमानं मला विचारलं.

"मला काम करायची परवानगी नाही," मी म्हणाले.

"मग भरपूर फिरत असाल."

"इतक्या लांब आज पहिल्यांदाच आले."

वर्गवारी कुणी मोठ्यानं बोलून दाखवली नाही. बाबांनीच सुनेची बाजू सावरली. "तिला स्वयंपाक चांगला येतो," ते इंग्रजीत म्हणाले.

त्यावरून आठवण झाली आणि मी गाडीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली. मागच्या मोकळ्या जागेत एक जुना मालडबा उभा करून ठेवला होता. जेवायची खरी जागा तीच, म्हातारा म्हणाला. तो दाराच्या कडेला हात टेकून सराईतपणे वर चढला. त्यानं हात दिला आणि बाबाही चढले. मग माझी पाळी आली. ओढणी खिळ्याला, एक पाय हवेत, दुसरी चप्पल खाली गवतात, अशी मी लोंबकळत राहिले. शेवटी दोन्ही म्हाताऱ्यांनी एकेक दंड धरून मला पोत्यासारखं आत ओढलं.

दारात पाय सोडून आम्ही जेवलो. चटणीनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं ती पुन्हा मागून घेतली. बाबा समोरच्या मक्याकडे बघत म्हणाले, "सगळा जन्म गाडीत गेला, पण असं दारात पाय सोडून कधी बसलो नव्हतो. ड्युटीवर बसताच यायचं नाही." म्हाताऱ्यानं चटणीचा डबा नुसता बाबांकडे सरकवला.

निघताना बाबांनी त्याचा हात बराच वेळ हातात धरला. परतीच्या रस्त्यावर बाबांना पुष्कळ बोलायचं होतं आणि मला रस्ता चुकायचा होता. दोघांचंही मनासारखं झालं.

संध्याकाळी जेवायला बसताना मी कळवळले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. "मालगाडीत चढताना लागलं," मी म्हणाले. त्यानं मान डोलावली आणि आणखी आमटी मागितली.