देवघरातली रोजनिशी

देवीदास गुरुजींना जुन्या लिखाणाचं वेड होतं. दिवसभर अकोटच्या शाळेत मुलांना मोडी शिकवायची आणि घरी येऊन कुणाच्या तरी आजोबांची रोजनिशी, नाहीतर पन्नास वर्षांपूर्वीचं, घर कसं चालवावं हे सांगणारं पुस्तक उघडून बसायचं. ‘पितळेची भांडी चिंचेनं घासावीत’ हे त्यांनी एकदा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. मैनाबाई म्हणाली, “मंग या ना घासाले!”

पण ज्या वहीसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता, ती होती उत्तममामाच्या बायकोकडे, पार्बतामामीकडे. मामीचे सासरे खुशालराव, म्हणजे गुरुजींचे आईकडचे आजोबा. ते गेल्यावर लाल फडक्यात बांधलेली त्यांची एक वही मागं राहिली. घरात मोडी वाचणारं कुणी नव्हतं. मग ती पोथीच असणार असं ठरलं आणि वही देवघरात जाऊन बसली! दर दसऱ्याला मामी ती उघडून पानांवर हळदकुंकू वाहायची, वर पाणी शिंपडायची. वही मागितली की म्हणायची, “पोथी घराबाहीर जात नसते.” पानांवरच्या तारखा गुरुजींना लांबूनही दिसायच्या, पण वहीला हात लावायची सोय नव्हती; पंधरा वर्षं ते समोर बसून दातओठ खात होते. शाई फुटत चालली होती, पानं एकमेकांना चिकटत होती. आणखी दोन दसऱ्यांत आजोबांचं एक अक्षर उरलं नसतं.

एकोणीसशे सव्वीसच्या दसऱ्याला मामीनं भरली पळी ओतली आणि गुरुजींचा तोल सुटला.

“बस कर ना वं मामी! पोथी नाही हे. आबाजीची रोजनिशी आहे!”

“तीस वर्सं मी काय येडी म्हणून पूजा करून राहिली? वाच मंग. आत्ताच वाच.”

गुरुजींनी पंच्यानं पानं टिपली. ज्वारीच्या पेवात कडुनिंबाचा पाला किती घालावा, म्हैस आटली तर काय चारावं, सगळं तारखेवार होतं. गुरुजी हरखून वाचत सुटले आणि एका पानावर अडखळले.

“काहून थांबला?”

त्यांनी आवाज उतरवून वाचलं, “‘उत्तमची बायको आज नांदायला आली. नऊ वर्षांची आहे. दारात बसून आईची वाट पाहते. लग्नाची घाई मी केली. चूक माझी.’”

पुढचं कुंकवानं पुसलं गेलं होतं.

मामीनं पळी खाली ठेवली. “आठ दिवस बसली होती मी दारात,” ती म्हणाली. मग एकदम भडकली. “त्याले समजत होतं, तं बोलला काहून नाही? गाडी जुपून मले मायकडे धाडाले काय झालं होतं? लिवत बसला बुढा!”

 मामीनं वही उचलून त्यांच्यापुढं धरली.

“घेऊन जाय. माह्या देवात नको हे.”

पंधरा वर्षं मागितलेली वही समोर होती आणि गुरुजींचा हात पुढं होत नव्हता.