बेल न्यायला येतो

तुमच्या घराच्या तळघरात एक शेगडी आहे, तिच्यात लाकडाच्या भुशाच्या बारीक गोळ्या टाकतात आणि त्यावर सगळं घर उबदार राहतं, हे तुम्ही दोघांनी मला कॅमेरा फिरवून दाखवलंत. मग विचारलंत, "आजी, तुमच्याकडे झाडापाल्यापासून असं काही करतात का?" तुमची शाळेची बस आली होती, म्हणून मी तेव्हा "करतात की" एवढंच म्हणाले. आता सवडीने लिहिते.

शाळेत तुम्हाला ह्यासाठी बायोमास हा शब्द शिकवला असेल. मराठी पुस्तकांत त्याला जैवभार म्हणतात. मी हा शब्द एकदा कळसच्या घरी जेवताना वापरून पाहिला. तात्या म्हणाले, "कसला भार? आधीच काय कमी हायत का?" तेव्हा आपण साधा शब्द घेऊ : पाचट.

तात्या म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. दोघं कळसला शेतावरच्या घरात राहतात. मी बारामतीला राहते, पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून उन्हाळा लागता लागता कळसला मुक्काम हलवते. अक्काला वाळवणात मदत करायला जाते, असं मी सांगते. खरं तर तिच्याशी गप्पा मारायला जाते.

ऊस तोडतात तेव्हा कारखान्याला फक्त कांडी जाते. शेंड्याकडची हिरवी वाढी गुरांना जातात. उरतो तो सुकलेला पाला, ब्लेडसारख्या कडांचा, गुडघ्याएवढा थर. ते पाचट. आमच्या भागात पूर्वापार त्याला काडी लावतात. तोडलेल्या बुडख्यांना पुन्हा फुटवे येतात, त्या पिकाला खोडवा म्हणतात. आणि रान जाळून साफ केलं की खोडवा एकसारखा फुटतो, अशी तात्यांची ठाम समजूत. ते दर वर्षी संध्याकाळी स्वतः काडी लावत. जाळ दिसायला फार सुंदर असतो, हे मी नाकारणार नाही. पण मग वारा सुटतो, आणि काळ्या चिंध्या आभाळातून हळूहळू खाली येतात. दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या हौदात, आणि अक्काच्या कुरडयांवर.

यंदा अक्काच्या नातीचं लग्न ठरलं होतं. तुमच्या चुलतताईचं. लग्नात नवरीकडचे लोक फराळाचे आणि वाळवणाचे पदार्थ मांडून ठेवतात, त्याला रुखवत म्हणतात. अक्काच्या मनात होतं, की तिच्या रुखवतात कुरडयांचा मनोरा असावा, आणि कुरडई शुभ्र असावी. तुमच्या चुलतआत्याच्या लग्नात अक्काच्याच कुरडया होत्या, आणि व्याह्यांकडच्या कुणीतरी म्हटलं होतं, "मोहरी घातलीय का हो?" ती मोहरी नव्हती, काजळी होती. इतकी वर्षं झाली तरी अक्का ते विसरलेली नाही.

"ह्या वर्सी काडी लागली न्हाय पायजे," ती मला म्हणाली. "तू शिकलेली हायस. सांग त्यांना."

मी तात्यांना सांगितलं. पाल्याने वाढताना हवेतून जो कार्बन घेतला, तोच जळताना हवेत जातो आणि पुढचा ऊस तो परत घेतो. जमिनीखालच्या कोळशाचं तसं नाही, तो एकदा जाळला की हवेत नवीन भर पडते. म्हणून पाचट जाळायचंच तर रानात फुकट कशाला, बॉयलरमध्ये जाळावं, त्यावर कुणाचं तरी कोळशाचं काम होईल. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, बरोबर हाय तुमचं. पण खोडवा इंग्रजी शिकल्याला न्हाय."

अक्काने मग दुसरी वाट काढली. अंथुर्ण्याचा एक माणूस ट्रॅक्टरमागे यंत्र लावून गावोगाव फिरतो. ते यंत्र पाचट गोळा करून त्याचे गच्च गठ्ठे बांधतं. गठ्ठे एका कारखानदाराकडे जातात. तिथे पाला कुटून, दाबून त्याच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या करतात, आणि त्या एमआयडीसीतल्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी जळतात. तुमच्या तळघरातल्या गोळ्यांची ही थोरली भावंडं. अक्काने त्या माणसाला निरोप धाडला, की तात्यांना फोन कर, मात्र माझं नाव घेऊ नको.

फोन आला तेव्हा तात्या विहिरीच्या मोटारीजवळ उभे होते. मोटार चालू होती. आम्ही दोघी ओट्यावर गहू निवडत होतो, आम्हाला फक्त तात्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"कोण? अंथुर्ण्याचं? बोला... काय न्याला येताय? बेल? न्या की. हाय तेवढा न्या... आवो त्यात इचारायचं काय. देवाच्या कामाला न्हाय कोण म्हणंल."

फोन खिशात घालून ते आमच्याकडे आले. महाशिवरात्र चार-पाच दिवसांवर होती. "अंथुर्ण्याच्या महादेवाला आपल्या झाडाचा बेल पायजे म्हणं. सोमवारी न्याला येत्यात. चांगली माणसं हायत. 'रान पेटवू नका' असं बी कायतरी म्हणत हुता, बेलाच्या झाडाला झळ लागंल म्हणून आसंल. बघा, किती काळजी."

तुम्हाला इंग्रजी येतं, म्हणजे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तो माणूस म्हणत होता तो इंग्रजी बेल, म्हणजे त्या यंत्राने बांधलेली गठडी. इकडे सगळे ट्रॅक्टरवाले तिला बेलच म्हणतात. तात्यांना ऐकू आला तो आपला बेल, त्रिदळी, महादेवाच्या पिंडीवर वाहतात तो.

मी तोंड उघडलं. शिक्षिकेची सवय, चुकीचा अर्थ ऐकला की हात वर होतो. अक्काने माझ्या मांडीवर गव्हाचं सूप ठेवलं आणि म्हणाली, "धाकटे, हे खडे बघ जरा. लई हायत." खडे एकही नव्हते. मी मुकाट्याने गहू निवडत राहिले.

सोमवारी तात्यांनी सकाळी अंघोळ करून, स्वतः झाडाला हात घालून टोपलीभर बेल तोडला. किडकं, तुटकं पान बाजूला काढलं, वर ओलं फडकं घातलं. मग डोक्याला टोपी घालून रस्त्याकडे बघत बसले. आला तो लाल रंगाचा ट्रॅक्टर, मागे खोलीएवढं यंत्र.

"तात्या, बेल न्याला आलो."

"घ्या," तात्यांनी टोपली पुढे केली.

त्या माणसाने टोपली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवली. तो भला माणूस होता. "ह्यो घरच्या महादेवाला नेतो. आता फडात शिरू ना?"

"फडात कुठं बेल हाय?"

"करायचा ना अजून. यंत्र कशाला आणलंय मग?"

"यंत्रानं बेल करत्यात?"

"तर हातानं कोण करतंय आता?"

तात्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग टोपलीकडे. मग आमच्याकडे. अक्का पदर तोंडाला लावून खांबामागे गेली होती, तिचे खांदे हलत होते. मी सरळ उभी राहिले, परीक्षेच्या हॉलमध्ये राहायचे तशी.

तात्यांना सगळं समजायला वेळ लागला नाही. आता भडकतात की काय, असं मला वाटलं. तो माणूसही ट्रॅक्टर मागे वळवायच्या तयारीत होता. तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"महादेवाच्या नावानं व्हय म्हणलोय," ते म्हणाले. "आता न्हाय म्हणलं तर त्यो माझ्याकडं बघंल. जावा फडात. पण सगळं खरवडून नेऊ नका, आन् माझ्या बुडख्याला धक्का लागला तर तुमी हाय आन् मी हाय."

यंत्र फडात शिरलं. त्या माणसाने आधी दाताळं फिरवून पाचटाच्या लांब ओळी करून घेतल्या. यंत्र त्या ओळी खात खात पुढे जायचं, थांबायचं, मागचं दार उघडायचं आणि गोल, गच्च बांधलेली गठडी घरंगळत बाहेर यायची, लग्नाच्या बैठकीतल्या लोडासारखी. मागे बगळे. पाला उचलला की खालचे किडे उघडे पडतात, म्हणून बगळे यंत्राच्या मागे पाहुण्यांसारखे चालत होते. तात्या बांधावर उभे राहून प्रत्येक गठडीला पायाने ढकलून बघत होते. दुपारपर्यंत तेच ड्रायव्हरला हाताने वळण दाखवायला लागले.

जेवायला तो माणूस ओसरीवर बसला. त्याने नमुना म्हणून एक कांडी आणली होती, ती तात्यांच्या हातात दिली. "ह्याला पांढरा कोळसा म्हणत्यात."

तात्यांनी ती उजेडात फिरवली. रंग चहाच्या चोथ्यासारखा. "ह्यो पांढरा? आमच्या म्हशीपरास थोडा उजळ हाय एवढंच."

"धूर काळा येत न्हाय म्हणून पांढरा, तात्या."

"म्हंजी गुणानं गोरा," अक्का आतून म्हणाली. "काही माणसं रंगानं गोरी असत्यात, गुणानं न्हाय." तात्या तरुणपणी गोरे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी आणखी एक भाकरी मागितली आणि विषय बदलला.

पुढचे काही आठवडे तात्या सकाळी एकटेच फडाकडे जायचे. काय बघतात, ते सांगायचे नाहीत. आम्हीही विचारलं नाही. खोडवा बिघडला असता तर आमचं दोघींचं काही खरं नव्हतं.

मग कुरडयांचा दिवस आला. गहू भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, त्याचा चीक काढून झाला होता. पहाटे अक्काने मोठ्या पातेल्यात चीक शिजवला. ते पिठूळ पांढरं पाणी घोटता घोटता काचेसारखं पारदर्शक होतं. शिजलेला गरम चीक आम्ही दोघींनी साखर आणि दूध घालून आधी वाटीभर खाल्ला. तो भाग चुकवायचा नसतो. मग माडीवर, उघड्या छतावर, धोतरं पसरली, आणि सोऱ्याने कुरडया घालायला बसलो. ऊन वर यायच्या आत सगळी माडी भरली. अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

तात्या राखणीला काठी घेऊन बसले होते, कावळ्यांसाठी. ते अचानक उठले. "धूर निघतोय."

शेजारचे आबा, ज्यांचा बांध आमच्या बांधाला लागून आहे, त्यांच्या फडाच्या कोपऱ्यात बारीक धूर दिसत होता. वारा तिकडून आमच्याकडे. अक्काने कुरडयांवर टाकायला दुसरं धोतर उचललं. ओल्या कुरडयांवर कापड टाकलं तर त्या चिकटतात, हे तिला माहीत होतं. तात्या जिना उतरून गेले होते. "धाकटे, तू जा," अक्का म्हणाली. "त्ये भांडून यायचे."

मी पोचले तेव्हा आबा कडेच्या कचऱ्याची आगटी पेटवून तयार होते. पाचटाला काडी लागायची होती.

"आबा, दम धरा," तात्या म्हणत होते.

"कशापायी?"

"माडीवर कुरडया हायत. नातीच्या रुखवताच्या."

आबा हसले. "गेल्या साली तुमी पेटवलं तवा माझ्या मिरच्या वाळत हुत्या. मी आलतो का काडी धरायला?"

"आला न्हाईसा ती तुमची चूक. मी आलोय."

मग आबांनी मर्मावर बोट ठेवलं. "आन् माझा खोडवा?"

तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझा बघा येऊन. जळल्याल्या रानापरास चांगला फुटलाय."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आबा बांध ओलांडून आले. यंत्राने मागे ठेवलेला पातळ पाला त्यांनी अंगठ्याने बाजूला केला. ओळीने फुटवे होते, पोपटी, बोटभर उंच. आबा खाली बसले, माती चिमटीत घेतली. "ओल हाय की. पाणी कवा दिलतं?"

"आठ दिस झालं."

आबांनी परत जाऊन आगटीवर माती लोटली. "बोलवा त्याला. पण मला बेल-बिल सांगून फशी पाडू नका." म्हणजे गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. तात्यांनी खिशातून फोन काढला आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमीच बोला. इंग्रजी काम हाय."

संध्याकाळी कुरडया उलटल्या तेव्हा अक्का एकेक हातात घेऊन बघत होती. ठिपका नव्हता.

लग्न बारामतीला, कार्यालयात झालं. रुखवताच्या टेबलावर कुरडयांचा मनोरा मधोमध होता. नवऱ्या मुलाची आजी इंदापुरातली, पाककलेत मुरलेली. तिने एक कुरडई उचलली, दिव्याकडे धरली. "सोडा घातलाय का हो? इतक्या पांढऱ्या कशा?"

"सोडा न्हाय," अक्का म्हणाली. "औंदा पाचट जाळलं न्हाय आमी."

त्या बाईंना काही उमगलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी शिकलेली दिसते म्हणून असेल. मी सांगायला सुरुवात केली, पण अक्काने माझा हात धरून मला थांबवलं. हे तिला स्वतः सांगायचं होतं. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि पहिल्या फोनपासून सांगू लागली.