चांद्याची मूठ

देवाने जगाची वाटणी आमच्या नानामामांच्या हाती दिली असती, तर कोणाला काही कमी पडलं नसतं. फक्त वाटणी अजून चालूच असती! माझ्या आईचे हे चुलतभाऊ धरणगावजवळच्या खेड्यात राहत आणि पंक्तीत बसले की स्वतःचं पान सोडून दुसऱ्यांच्या पानांकडे बघत. भरिताच्या वांग्याचं देठ एक आणि भाचरं चार, तर देठ उभं चिरत. एका भाच्यावर ओरडले की उरलेल्या तिघांवरही ओरडत. का, तर त्या बिचाऱ्याला एकट्याला वाईट वाटू नये! आम्ही बिनगुन्ह्याचे आरोपी निमूट ऐकून घ्यायचो.

म्हणूनच सरकारी ढोर-डॉक्टरांनी गोऱ्ह्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं, तेव्हा गावाने मामांकडेच बोट दाखवलं. पंचक्रोशीतले पाच गोऱ्हे मामांच्या गोठ्यात बांधायचे, वर्षभर सगळ्यांना तोलून सारखाच कडबा, सारखीच सरकीची पेंड. जो जास्त भरेल तो पंचक्रोशीचा वळू, बाकीचे खच्ची करून औताला. अडचण एवढीच, की पाचातला एक मामांच्या घरचा होता. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. त्याला जन्म देऊन गाय गेली, तेव्हा मामांनी बोटाने दूध चाटवून त्याला जगवलं होतं. तो वळू व्हावा म्हणून मामांचा जीव तीळतीळ तुटायचा, आणि हे कोणाला कळू नये म्हणून ते चारचौघांत त्याला शिव्या द्यायचे.

मी सुट्टीत गेलो तेव्हा मामांचं तोलणं एकदा पाहिलं. काय तो थाट! तराजूवर माशी बसली तर तिला हाकलून पुन्हा पहिल्यापासून तोलायचं. पाचही घमेली सारखी झाली, आणि मामांनी हळूच चांद्याच्या घमेल्यातली मूठभर पेंड काढून पोत्यात परत टाकली. मामी कडाडली, "आहो, तोलेल शे ना? मंग मूठ कसाले काढतस? रोज त्याच त्याच!"

"तोल बरोबर शे," मामा खाली मान घालून म्हणाले, "पन मन्हं मन बरोबर नई. ते चांद्याकडे झुकस."

वर्ष सरलं. डॉक्टरांनी सगळ्यांच्या छातीला फीत लावली, आणि शेजारच्या गावचा तांबडा गोऱ्हा चांद्यापेक्षा बोटभर जास्त भरला. मामीने बोलायला तोंड उघडलं, पण मामांनी तिच्यापुढे चक्क हात जोडले. ती बिचारी डोळ्यांना पदर लावून आत गेली. मामांनी तांबड्याला हार घातला, गावभर गूळ वाटला, प्रत्येकाला सारखा खडा. मात्र चांद्याला खच्ची करायचं ठरलं त्या दिवशी ते सकाळीच शेतावर गेले आणि जेवायलाही घरी आले नाहीत. मला फार राग आला होता त्यांचा. एवढा न्याय काय कामाचा?

पुढे बऱ्याच वर्षांनी गेलो. मामा थकले होते, चांद्याही. औत सोडून त्याला जोडीदाराशेजारी बांधलं होतं. मामांनी दोघांपुढे सारखी पेंड ठेवली, सवयीने चार वेळा निरखली, आणि मग पोत्यातून एक मूठ काढून चांद्याच्या तोंडापुढे धरली.

"खाय रे भो," त्याच्या कपाळावरून हात फिरवत ते म्हणाले, "आते कोनी तोलत नई."

शेजारचा बैल मान लांब करून त्या मुठीकडे बघत होता. मामांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.