डाग तेवढा घेतला

माझी शेजारीण इतक्या लहान गोधड्या शिवते की त्या पांघरून मांजरसुद्धा कुडकुडेल. त्या भिंतीवर टांगायच्या असतात म्हणे. बिरवाडीत आमच्या दोघींच्या खोल्यांना एकच पडवी आहे, आणि ती तिच्या पातेल्यांनी अडवलेली. एकात रंग चढावा म्हणून कांद्याच्या सालींबरोबर कापड उकळतं, दुसऱ्यात गंजक्या खिळ्यांबरोबर. कोणाकडे गेली की ही आधी समोरचीचा पदर चिमटीत धरून बघते, मग माणसाकडे.

माझ्या लग्नाच्या शालूला ट्रंकेचा गंज लागला होता. तरुणपणी तो डाग निऱ्यांत लपवत मी हळदीकुंकवाला खेकड्यासारखी तिरकी चालायचे. माझ्याकडेच कोणी बघत नव्हतं, तर डागाकडे कुठून बघणार? शेवटी शालू तिला देऊन टाकला. म्हटलं, जरीचे काठ तरी भिंतीवर मिरवतील.

तिने तो धुऊन, घडी घालून परत आणला. मधोमध भोक.

"डाग तेवढा घेतला, आजी. बाकीचा काय कामाचा नाय."

तिच्या नव्या गोधडीत तो डाग नवरदेवासारखा मधोमध बसला होता, भोवती धावदोऱ्याची वर्तुळं. भोकाचं दुःख करायचं सोडून मला हाव सुटली. दुसऱ्या साडीत गुपचूप ओले खिळे गुंडाळले आणि आठवड्याने ती साडी तिच्यापुढे ठेवली. तिने डागावरून बोट फिरवलं.

"ह्यो घाईचा डाग हाय, आजी. ट्रंकेत ठेवा नि इसरून जा."

एवढ्या आयुष्यात मला नक्की जमेल असं काम सांगणारी ही पहिलीच.