माथ्यावरची आरोळी

ओमानमध्ये इब्राला नोकरी करत होतो तेव्हा, सहाव्या वर्षी, मी तीन दिवसांच्या एका ट्रेकला गेलो. डोंगरमाथ्यावरची हजारो वर्षांपूर्वीची दगडी थडगी बघायची होती. वाटाड्या साठीचा ओमानी, हिंदी बोलणारा. सोबत एक जर्मन जोडपं. माणसं भली, पण नुसती चालायची. गाणं नाही, चेष्टा नाही, कुणी कुणाच्या डब्यात हात घालत नाही. याला काय ट्रेक म्हणायचं? पण एकट्याने खोलीत सुट्टी काढण्यापेक्षा बरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माथा आला. कड्यावर गोल, बुरुजांसारखी थडगी रांगेने उभी होती. बुरूज दिसल्यावर माझं डोकं चाललंच नाही. गावाकडे प्रत्येक गडावर करायचो तेच केलं. हात वर केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हर हर..."

आणि थांबलो. आमच्याकडे पुढचा "महादेव" मागून येतोच. धापा टाकणारे, ओळखपाळख नसलेलेसुद्धा तो देतात.

इथे पुढे गेलेला वाटाड्या तेवढा धावत परत आला. त्याला वाटलं, कुणी पडलं. त्याने खालची वाट न्याहाळली, आम्हाला बोटाने मोजलं आणि म्हणाला, "तीन. सब इधर है. किसको बुलाया?"

"किसी को नहीं," मी म्हटलं.

त्याला ते पटलं नसावं. उतरताना तो प्रत्येक वळणावर थांबायचा आणि माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघायचा.